तळटीप सत्तेचाळीस

डंडीत मार्चमधल्या दुपारी धुकं नदीवरून वर येतं,
आधी पूल गिळतं, मग सिग्नलचे दिवे,
मग माझा तिसरा चॅप्टर.

तिसऱ्या चॅप्टरमध्ये मी एल्स्पेथ रॅट्रे नावाच्या बाईंशी भांडते आहे.
त्यांनी एकोणीसशे एकाहत्तरात लिहून ठेवलंय, पान एकशे बारा:
मागांच्या गोंगाटात बायका मुक्या झाल्या.
त्याखाली मी लिहिलं होतं: हे साफ खोटं आहे.

फर्गस मिल्न हिरव्या शाईने तपासतात,
लाल शाईने पोरं घाबरतात म्हणे.
"खोटं"भोवती एक गोल,
समासात दोन शब्द: कोण म्हणतं?

मी म्हणते. इचलकरंजीत वाढलेली मी,
जिच्या गल्लीत रात्री माग थांबले
तर तान्ही पोरं दचकून उठायची.
सुमंगलमावशी कांड्या भरता भरता नुसते ओठ हलवायची
आणि चार माग पलीकडे शेवंताबाई हसून बेजार.
अख्ख्या गल्लीची लफडी त्या खडखडाटातून
एक अक्षर न उच्चारता फिरत.

"छान," मिल्न म्हणाले, "पण आधी रॅट्रेबाईंचं म्हणणं असं मांड
की त्या समोर असत्या तर त्यांनी मान डोलावली असती.
मग बोल."

रात्रभर क्रियापदं तोलत बसले.
"दावा करतात" लिहिलं की बाई पिंजऱ्यात उभ्या,
"दाखवून देतात" लिहिलं की मी हरले,
"सुचवतात" फारच मऊ, बाई काही मऊ वाटत नाहीत.
मावशीला यातलं काही लागत नाही.
तिचा नवरा सुधारला म्हणे, एवढंच ती म्हणते,
आणि त्या एका "म्हणे"त ऐकीव बातमी, हातभर अंतर,
शंका, वर थोडं हसू.
मला इंग्रजीत त्यासाठी अडीच ओळी लागल्या,
तरी हसू राहिलंच.

माझ्याकडे झेरॉक्स होती. मूळ प्रत तळघरात,
रॅट्रेबाईंच्या घरून, त्या गेल्यावर आलेली.
पान एकशे बारा. वाक्याखाली पेन्सिलीची रेघ,
बाजूला थरथरतं, म्हातारं अक्षर:
कशावरून? मी तर कानात कापूस घालून गेले होते.

सात महिने मी दात विचकत होते
आणि समोरची बाई केव्हाच उठून
माझ्या बाजूला येऊन बसली होती.

खोडरबर त्यांच्याकडेही असणार.

मग मी त्यांचं म्हणणं नीट लिहिलं.
कापूस घातलेल्या माणसाला हलणारे ओठ
मुकेच दिसणार, हेही लिहिलं.
त्यापुढे "पण" ठेवला,
तुटलेल्या सुताची टोकं मावशी जिभेला लावून
सांधायची, तेवढ्या हलक्या हाताने.
पेन्सिलीचा संदर्भ कसा द्यायचा याचा नियम मिल्ननाही सापडेना.
तळटीप सत्तेचाळीस: ग्रंथालयाची प्रत, समासात. तारीख नाही.

तेव्हाच, उगीच, माझ्या स्वतःच्या वाक्यापुढे
मी पेन्सिलीने लिहिलं: कशावरून?

फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, मावशी ताटं घासत होती.
"शेवंताबाईला तू काय काय सांगायचीस गं, मागावरून?"
"शेवंतीला? तिला कुठलं दिसायला एवढ्या लांबचं!
मी आपली मनात आरत्या म्हणायचे."
"मग ती हसायची कशाला?"
"ते तिला विचार," मावशी म्हणाली. नळ वाहत होता.
"आणि कापडाला भाव काय गं तिकडे?"

"यावरून सिद्ध होते" मी खोडलं.
"असे दिसते" लिहिलं.
मग शेवंताबाईचे डोळे आठवले
आणि तेही खोडून
कर्सरकडे बघत बसले.
बाहेर पुलाचे दोन खांब परत आले होते,
बाकीचा पूल असावा.